पृथ्वीचे चुंबकत्व आणि फुकटची वीज

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हाच आम्ही म्हटले होते की आम्ही वक्ते नाही. वीज मंडळात मदतनीस म्हणून लागलो, लाइनमन झालो, 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि त्यातल्या एका कंपनीतून निवृत्त झालो. आयुष्यभर खांबावर चढलो, व्यासपीठावर चढण्याची सवय नाही. तेव्हा बोलण्यात पुढे-मागे झाले तर सांभाळून घ्यावे. पण विषय असा आहे की तो आमच्या धंद्यातला आहे आणि आपल्या वस्तीतल्या घरांच्या पैशाचा आहे, म्हणून उभे राहिलो.

मागच्या पावसाळ्यात, वर्षावास सुरू होण्याच्या आधीच्या एका रविवारी, दोन गृहस्थ याच सभागृहात आले होते. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना पाहिले आहे. पत्र्याची निळी पेटी, वर तांब्याच्या तारेचे वेटोळे, शेजारी एक दिवा. वायर कुठेही जोडलेली नाही आणि दिवा लख्ख पेटलेला. ते म्हणाले, पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे, त्याची शक्ती चोवीस तास आपल्या अंगावरून वाहते आहे, ती पकडणारे हे यंत्र आहे. एकदा घेतले की जन्मभर बिल नाही. किंमत घरटी 11,000 रुपये, त्यातले 5,000 आगाऊ. विहारासाठी मोठे यंत्र बसवून देतो, त्याचे 80,000.

महिला मंडळाकडे तेव्हा 84,000 रुपये जमलेले होते. कसे जमले ते आम्ही सांगायला नको. पापड-कुरडया, भिशी, मंगल कार्यांत मिळालेली दहा-वीस रुपयांची दाने. पावसाळ्यात पंखे-दिवे-मोटर मिळून विहाराचे वीजबिल अंगावर येते, ते कायमचे मिटवावे म्हणून हा निधी होता. आणि नेमके त्या आकड्याच्या जवळपासच मोठ्या यंत्राची किंमत निघाली, हा योगायोग होता की चौकशी करून आले होते, ते ज्याचे त्याने ठरवावे.

विहाराचे पैसे वाचले. पण दोन घरांनी त्याच संध्याकाळी प्रत्येकी 5,000 रुपये देऊन टाकले, ते आजतागायत परत आले नाहीत. त्यातले एक घर आमच्या थोरल्या भावाचे. ही गोष्ट वहिनींच्या परवानगीने सांगत आहोत. त्या समोर बसल्या आहेत. त्यांना कुणी हसू नये अशी आधीच विनंती आहे, कारण हसायचे असेल तर आधी आम्हाला हसावे लागेल. ते पुढे येईलच.

पैसे गेले हे कळल्यावर वहिनींनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "भाऊजी, पृथ्वी चुंबक आहे हे खोटं आहे का? पोरांच्या पुस्तकात तर छापलंय."

हा प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला. कारण पुस्तकात छापले आहे ते खरेच आहे. फसवणूक करणारा माणूस सगळेच खोटे बोलत नाही, बरं का. नऊ गोष्टी खऱ्या सांगतो आणि दहावी त्यात मिसळतो. तेव्हा आज आपण आधी खऱ्या नऊ पाहू.

विल्यम गिल्बर्ट नावाच्या इंग्रज वैद्याने 1600 साली ग्रंथ लिहून सांगितले की होकायंत्राची सुई उत्तर दाखवते ती आकाशातल्या एखाद्या ताऱ्यामुळे नव्हे, तर पृथ्वी स्वतःच चुंबकासारखी वागते म्हणून. आज आपल्याला माहीत आहे की पायाखाली सुमारे 2,900 किलोमीटरवर वितळलेल्या लोखंडाचा महासागर सुरू होतो. तो आतल्या उष्णतेने सतत ढवळला जातो, त्यात विजेचे प्रवाह खेळतात आणि त्यातून हे चुंबकत्व तयार होते. म्हणजे पृथ्वीच्या पोटात लोहचुंबकाचा दांडा पुरलेला नाही, एक प्रकारचा डायनॅमो चालू आहे. आणि तो पृथ्वी थंड होत चालल्याच्या जिवावर चालतो. पहिली गोष्ट इथेच लक्षात ठेवा: खुद्द पृथ्वीलाही तिचे चुंबकत्व फुकट मिळालेले नाही.

आता हे चुंबकत्व किती? ते टेस्ला या मापात मोजतात. आपल्याकडे ते साधारण चाळीसेक मायक्रोटेस्ला भरते. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. फ्रिजच्या दाराच्या रबरी पट्टीत जो चुंबक असतो तोसुद्धा जवळून मोजला तर याच्या शंभरपटीहून जास्त निघतो. दवाखान्यात एम.आर.आय.च्या यंत्रात झोपवतात, ते यंत्र दीड टेस्लाचे असेल तर याच्या सदतीस हजारपट. पृथ्वीचे चुंबकत्व पसरलेले अफाट आहे, पण जागच्या जागी पाहिले तर अतिशय नाजूक आहे.

किती नाजूक, त्याचा एक दाखला आपल्या मुंबईचाच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1840 च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवत असत. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने कुलाब्याच्या नोंदी बिघडतील म्हणून ती कामगिरी चक्क समुद्रापलीकडे अलिबागला हलवली. 1904 पासून अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या. ट्राम 1907 साली धावली. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस. अलिबागच्या इमारतीत लोखंड येणार नाही याची काळजी घेतली गेली. म्हणजे बघा, एका ट्रामगाडीची वीज जिला झाकून टाकते, तिच्यावर कारखाने चालवण्याची भाषा हे लोक करत होते.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. 1987 सालची गोष्ट. आम्ही तरुण होतो, चाळीत एका खोलीत राहत होतो, आणि एका मासिकात चुंबकीय यंत्राची आकृती पाहून आमच्याही डोक्यात तेच भूत शिरले होते. सायकलची जुनी रिम घेतली. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून अर्धा किलो तांब्याची इनॅमलची तार आणली. त्या पैशांत घरात महिन्याचे तेल आले असते. सौभाग्यवतींना सांगितले, ऑफिसची आहे. रिमवर चारशे वेढे दिले. तीन रात्री लागल्या. वेढे संपले, टोके मीटरला लावली, रिम उत्तर-दक्षिण टांगली आणि बसलो वाट पाहत.

काहीही झाले नाही. काटा जागचा हलला नाही. आम्हाला वाटले तार कुठे तुटली. तपासली, शाबूत. रात्रभर टांगून ठेवली, शून्य. सकाळी वैतागून आम्ही ती रिम खुंटीवरून ओढून काढली, आणि काढताना ती गर्रकन फिरली, तसा काटा हलला! आम्ही ओरडलोच. पुन्हा फिरवली, पुन्हा हलला. थांबवली, काटा शून्यावर.

ती रिम आम्ही आज आणली आहे. हीच ती. सोबत शाळेच्या प्रयोगशाळेतला गॅल्व्हानोमीटर उसना आणला आहे. बालमित्रांनी पुढे येऊन पाहावे, पण काचेला हात लावू नये. ही रिम मी स्थिर धरली: काटा शून्य. आता अर्धा फेरा झटकन फिरवतो. पाहिलंत? तीन-चार घरे गेला आणि परत आला. इथे बॅटरी नाही, लपवलेला चुंबक नाही. काट्याला ढकलणारी वीज पृथ्वीच्या चुंबकत्वामुळेच तयार झाली.

म्हणजे पेटीवाले बरोबर होते का? इथेच खरी मेख आहे. वीज तयार झाली ती रिम फिरली म्हणून. रिम फिरवली कुणी? आम्ही. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या होत्या, त्यातली थोडी ताकद तारेत गेली. शास्त्राचा नियम असा की तारेतून प्रवाह वाहू लागला की चुंबकत्व तिच्या फिरण्याला विरोध करते. इथे तो विरोध हाताला जाणवत नाही इतका थोडा आहे, पण जेवढी वीज घ्यावी तेवढाच तो वाढतो. हातगाडा ओढताना ओझे वाढले की जोर वाढवावा लागतो, तसेच.

गावाकडे ताक घुसळताना घुसळखांब असतो. जुन्या बायकांना आठवेल. रवी त्या खांबाला दोरीने अडकवायची आणि दुसरी दोरी हाताने ओढायची. खांब नसेल तर घुसळता येत नाही, रवी भलतीकडे कलंडते. पण लोणी खांबातून येते असे आपली आजी कधी म्हणाली का? लोणी दुधातले, मेहनत हाताची, खांब नुसता उभा. पृथ्वीचे चुंबकत्व हा असा घुसळखांब आहे. त्याच्याशिवाय चालत नाही आणि त्याच्यातून निघत काही नाही.

आता हिशेब. ही रिम सेकंदाला दोन फेरे या वेगाने हाताने फिरवत राहिलो तर तिच्यातून मिळणारी शक्ती एका वॅटच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-अडीचपट निघते. दहा वॅटचा दिवा पेटवायचा तर अशा चाळीस लाख रिमा लागतील, आणि चाळीस लाख माणसे त्या फिरवायला बसवावी लागतील. त्यांच्या चहाचा खर्च कोण करणार?

(यावर सभागृहात हशा झाला. पण वहिनी हसल्या नाहीत, हेही आम्ही पाहिले.)

वेग वाढवला, वेढे वाढवले, लांबी वाढवली तर? हे सगळे मोठमोठ्यांनी करून पाहिले आहे. ज्याच्या शोधावर आज जगातली बहुतेक वीजकेंद्रे चालतात तो मायकल फॅरेडे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता शिकलेला. 1831 साली त्याने चुंबकापासून वीज काढून दाखवली आणि लगेच त्याच्या मनात आले की नदी वाहते आहे, खाली पृथ्वीचे चुंबकत्व आहे, मग नदीत वीज निर्माण होत असली पाहिजे. जानेवारी 1832 मध्ये त्याने लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यावर 960 फूट तांब्याची तार अंथरली, तिच्या टोकांना पत्रे बांधून थेम्स नदीत सोडले आणि मोजमाप घेतले. हाताला नीट काही लागले नाही. विचार चुकला नव्हता, पण इतर गडबडीत तो सूक्ष्म प्रवाह वेगळा ओळखता आला नाही. पुढे समुद्राखालच्या केबलींमध्ये असा विद्युतदाब खरोखर सापडला. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ 1982 पासून केबलीतल्या याच दाबावरून समुद्राचा प्रवाह किती जोराचा आहे ते मोजू लागले. मोजायला उत्तम, दिवा लावायला नाही. आणि तीसुद्धा वाहत्या पाण्याची ताकद, चुंबकत्वाची नव्हे.

वेगाची गोष्ट विचाराल तर फेब्रुवारी 1996 मध्ये कोलंबिया या अमेरिकन अवकाशयानातून इटलीचा एक उपग्रह लांबच लांब तारेला बांधून सोडला होता. जवळजवळ वीस किलोमीटर तार उलगडली. यान ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या आसपास धावत होते. त्या तारेत 3,500 व्होल्ट तयार झाले! आम्ही जन्मभर ज्या लाइनींवर चढलो त्यांच्याशी तुलना करावी असा दाब. पुढे ठिणगी पडून तार जळाली आणि उपग्रह तुटून निघून गेला, पण मुद्दा सिद्ध झाला. तरीही ती वीज फुकट नव्हती. जेवढी वीज तारेतून घ्यावी तेवढा यानाचा वेग कमी होतो, ते खाली उतरू लागते. यानाला तो वेग रॉकेटचे इंधन जाळून दिलेला असतो. भाकरीच्या जागी इंधन आले, एवढाच फरक.

एकदा मात्र असे घडले आहे की माणसांनी काही न फिरवता, काही न जाळता तारेतून वीज मिळाली आणि ती वापरलीही. हा प्रसंग पेटीवाल्यांना माहीत असता तर त्यांनी नक्की सांगितला असता. 1859 सालचा सप्टेंबर. सूर्यावर मोठा उद्रेक झाला आणि त्याचा तडाखा पृथ्वीच्या चुंबकत्वाला बसला. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड या शहरांमधल्या तारमास्तरांच्या ध्यानात आले की लाइनमध्ये आपोआप प्रवाह वाहतो आहे. त्यांनी दोन्हीकडच्या बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि सुमारे दोन तास नुसत्या त्या प्रवाहावर संदेश पाठवले. त्याच वादळात आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत बसलेली माणसे डोळ्यांनी काटे वाचून नोंदी करत होती. तिथे चुंबकत्व पाहता पाहता सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने खाली आले, म्हणजे शेकडा चारच्या आसपास. त्या वादळाच्या जगातल्या अतिशय मोलाच्या नोंदींत कुलाब्याची ती वही गणली जाते. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञ पुन्हा तिच्यापाशीच आले. आम्हाला याचा फार अभिमान वाटतो. त्या वेळी कुणी तरी न कंटाळता आकडे लिहीत बसला होता.

मग हे तर फुकट झाले की! तेही नाही. ती ताकद सूर्याकडून आली होती. शिवाय शेकडो मैलांची तार हवी, आणि असे वादळ सांगून येत नाही. आले की काय होते ते कॅनडात 13 मार्च 1989 रोजी दिसले. क्वेबेक प्रांतातली वीजयंत्रणा दोन मिनिटांच्या आत कोसळली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. चुंबकीय वादळाने दिवे पेटत नाहीत, दिवे जातात. वीजखात्यात काम केलेल्या माणसाला हे सांगताना अंगावर काटा येतो. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये नको तो प्रवाह शिरणे म्हणजे काय, ते ज्याने जळका ट्रान्सफॉर्मर उघडला आहे त्यालाच कळते.

आता तरुण मंडळी मोबाईल दाखवून म्हणतील, काका, 2025 ची बातमी वाचली नाही का? वाचली. अमेरिकेतल्या तीन शास्त्रज्ञांनी त्या वर्षी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विशिष्ट लोहचुंबकी पदार्थाची, फूटभर लांबीची पोकळ नळी त्यांनी बंद खोलीत एका ठराविक कोनात ठेवली आणि त्यांना सुमारे 18 मायक्रोव्होल्ट दाब मिळाला. नळी हलवली नव्हती. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि तिच्याबरोबर नळीही, त्यातून हा दाब येतो असे त्यांचे म्हणणे. जुन्या समजुतीप्रमाणे असे होता कामा नये. त्यांनी त्यात एक पळवाट दाखवली आहे. एका डच शास्त्रज्ञाने याच कल्पनेवर 2018 साली प्रयोग केला होता, त्याला काही मिळाले नव्हते. तेव्हा दुसऱ्या प्रयोगशाळांनी तो स्वतंत्रपणे करून पाहिल्याशिवाय कुणी पक्का मानणार नाही. आम्हाला या लोकांविषयी आदर आहे. त्यांनी आकडे मांडले, चुका कुठे होऊ शकतात ते तपासले, आणि मुख्य म्हणजे आगाऊ पैसे मागितले नाहीत.

समजा ते बरोबर निघाले. 18 मायक्रोव्होल्टच्या अशा किती नळ्या जोडल्या म्हणजे घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलइतका दाब येईल? त्र्याऐंशी हजार. आणि ती ऊर्जाही चुंबकत्वातून नव्हे, पृथ्वीच्या फिरण्यातून आली असे ते स्वतःच सांगतात. पुन्हा घुसळखांब.

एवढे सगळे ऐकूनही एखादा हट्टाने म्हणेल, ते फिरवणे वगैरे राहू द्या, चुंबकत्वात स्वतःची काही ऊर्जा साठलेली असेलच ना? असते. तिचा हिशेब करता येतो आणि तो आम्ही दोन वेळा करून पाहिला, कारण पहिल्यांदा आमचाच विश्वास बसला नाही. हे आपले सभागृह साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद, पंधरा फूट उंच. एक हजार घनमीटर. यात भरलेल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची सगळी ऊर्जा, कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून गोळा केली तरी 0.64 ज्यूल. म्हणजे एक अंडे जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते तितकी. दहा वॅटचा दिवा त्यावर एका सेकंदाच्या शंभर भागांपैकी सहा भाग पेटेल. डोळ्याची पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि सभागृहाऐवजी सगळी पृथ्वी घेतली तर? जमिनीच्या वर, आकाशात दूरवर पसरलेले सगळे चुंबकत्व? त्याची ऊर्जा साधारण एकवीस हजार कोटी युनिट भरते. आकडा ऐकून छाती दडपते. पण सारे जग आज वर्षाला सुमारे तीस लाख कोटी युनिट वीज वापरते. भागाकार करा. सगळ्या पृथ्वीभोवतीचे चुंबकत्व निपटून काढले तरी जगाची वीज अडीच दिवस चालेल. तिसऱ्या दिवशी दुपारी अंधार. आणि सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा मारा ज्याने अडवून धरला आहे ते कवचही गेलेले. आम्ही एवढी वर्षे मीटरचे आकडे पाहत आलो, पण इतका बोलका हिशेब आमच्या हातून दुसरा झालेला नाही.

याच्या शेजारी ऊन ठेवून पाहा. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे हजार ज्यूल पडतात. सभागृहातले सगळे चुंबकत्व एकदाच देईल तेवढे ऊन एका सतरंजीवर सेकंदाच्या हजाराव्या भागात टाकते आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा टाकते.

आता त्या रविवारी काय घडले ते सांगतो, कारण बरेच जण तोपर्यंत घरी गेले होते. आम्ही त्या गृहस्थांशी वाद घातला नाही. विनंती केली की पेटी जरा फिरवून पाहू. आमची रिम कशी ठेवली, कशी फिरवली यावर सगळे अवलंबून असते हे आम्ही 1987 पासून जाणून होतो. पेटी उत्तर-दक्षिण होती ती पूर्व-पश्चिम केली. दिवा तसाच. आडवी केली, तसाच. पालथी केली, तरी ढिम्म. लोखंडी कपाटात ठेवून दार लोटून घेतले आणि फटीतून पाहिले, दिवा पूर्वीइतकाच लख्ख. मग आम्ही म्हटले, "साहेब, जिच्या जिवावर हा पेटतो म्हणता, ती शक्ती बदलली तरी याला पत्ताच नाही?" ते म्हणाले, आतला भाग आपोआप जुळवून घेतो. मग पेटी उघडून दाखवा म्हटले, तर ते कंपनीचे गुपित.

ठीक आहे, गुपित राहू द्या. आम्ही दुसरी अट घातली. दहा वॅटचा दिवा आमचा, खोली आमची, कुलूप आमचे. पेटी आणि दिवा सात दिवस आत. सात दिवसांनी दिवा पेटलेला दिसला की 80,000 रुपये रोख. सात दिवस का, तर दहा वॅटचा दिवा सात दिवस चालवायला पावणेदोन युनिटच्या आसपास वीज लागते. तेवढी बॅटरीत लपवायची तर मोटारीच्या चारेक बॅटऱ्या लागतील, आणि ती पेटी एका माणसाने काखेत धरून आणली होती. ते म्हणाले, वरिष्ठांना विचारून कळवतो. त्यांचा फोन त्यानंतर लागला नाही.

पण ही अट घालेपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि दोन घरांचे पैसे जाऊन बसले होते. आम्हाला हे मन खाते. सकाळीच बोललो असतो तर? आम्ही सकाळी गप्प बसलो, कारण समितीतले शिकलेले लोक माना डोलावत होते आणि आम्ही लाइनमन. वाटले, आपलेच काही तरी चुकत असेल. वहिनींनी पैसे दिले ते लोभाने नाही. त्यांच्या घरी उन्हाळ्यात दोन महिन्यांचे बिल थकून एकदा मीटर काढून नेला होता, नात दहावीला होती आणि ती पायऱ्यांवर रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास करायची. ज्याच्या घरात असे झाले आहे त्याला "जन्मभर बिल नाही" या तीन शब्दांचा अर्थ काय वाटतो, ते आमच्यासारख्या पेन्शनवाल्याने काय सांगावे?

महिला मंडळाचे 84,000 रुपये अजून बँकेत आहेत. समितीने विहाराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विचार चालवला आहे. त्यातही फुकट काही नाही हे आताच सांगून ठेवतो. पॅनेलला पैसे पडतात, धूळ पुसावी लागते, इन्व्हर्टर कधी तरी बिघडतो, पावसाळ्यात वीज कमी मिळते. एक किलोवॅटच्या पॅनेलपासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट धरावेत, त्याहून जास्त कुणी लिहून देत असेल तर त्याला आमच्याकडे पाठवावे. तीन ठिकाणची दरपत्रके मागवली आहेत. ती फलकावर लावू, सगळ्यांनी वाचावीत, आणि ज्या भगिनींनी पापड लाटले त्यांनी आधी वाचावीत.

ही रिम आणि गॅल्व्हानोमीटर महिनाभर अभ्यासिकेत राहील. रिम लोखंडी कपाटापासून दहा फूट लांब ठेवावी, नाही तर काटा भलतेच दाखवतो. गॅल्व्हानोमीटर शाळेचा आहे, परत द्यायचा आहे, तेव्हा काच जपावी. काल संध्याकाळी आम्ही तो मांडत असताना वहिनी आल्या होत्या. त्यांनी रिम हातात घेतली, दोनदा फिरवली, काटा हलला. तिसऱ्यांदा स्थिर धरून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हात थांबला की हाही थांबतो." आम्ही म्हटले, हो वहिनी. त्यांनी नातीला हाक मारली आणि रिम तिच्या हातात दिली.